चाकांचा पाट

वैजू गेल्याचं मला तिच्या भावाने, मिलिंदने, सकाळी फोन करून सांगितलं. "मावशी, वैजू गेली... झोपेतच," एवढंच तो बोलू शकला. त्यानंतर अर्ध्या तासात मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर निरोप आला. 'आपल्या मंडळाच्या निष्ठावंत कार्यकर्त्या कु. वैजयंती यांचे अल्पशा आजाराने निधन झाले. भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली पांढऱ्या फुलांचा गुच्छ, आणि मग जोडलेल्या हातांची रांगच रांग. मी ते गॅससमोर उभी राहून वाचत होते. दूध उतू गेलं, ओट्यावरून खाली ओघळलं, तरी मी तशीच उभी. रडू नंतर आलं, आधी राग आला. कारण त्या दोन ओळींतला एक शब्द धडधडीत खोटा होता. वैजू मयूर विहारच्या आमच्या मराठी मंडळाची कार्यकर्ती कधीच नव्हती. तिला व्हायचं होतं, आम्ही होऊ दिलं नाही. आणि हे 'आम्ही' म्हणजे कोण, असं कुणी विचारलं तर लांब शोधायला नको. तेव्हा मंडळाची सेक्रेटरी मीच होते.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. मावशी या नात्याने चार गोड आठवणी लिहाव्यात, असं पुष्कळांनी सुचवलं. गोड आठवणी आहेत माझ्याकडे, नाहीत असं नाही. पण लिहायला बसलं की पेन दुसरीकडेच जातं.

वैजू माझ्या थोरल्या बहिणीची, ताईची मुलगी. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्यामुळे दोन्ही पाय आणि डावा हात तिचं फारसं ऐकत नसत. कुबड्या घेऊन चालायची. बोलणं समजायचं, पण एका शब्दानंतर दुसरा यायला वेळ लागायचा आणि तेवढा वेळ द्यायची कुणाचीच तयारी नसायची. मग समोरचा माणूस तिचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायचा. यात सगळ्यात पटाईत मी. डोकं मात्र तिचं लख्ख होतं, आणि जीभ सावकाश असली तरी चांगलीच तिखट होती. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं, तेव्हा आम्ही दोघी बहिणी सरकारी क्वार्टर्स सोडून मयूर विहारच्या एकाच सोसायटीत फ्लॅट घेऊन आलो. चहूकडे नुसती वाळू, झाड नाही, फोन नाही, आणि यमुनेपलीकडे यायचं म्हटलं की रिक्षावाले तोंड फिरवायचे. ताईला सोडतीत तिसरा मजला लागला होता, तो तिने वैजूसाठी तळमजल्याशी बदलून घेतला. बघता बघता केबलच्या तारा आल्या, रंगीत टीव्ही आले, खाली स्कूटरच्या जागी मारुती उभ्या राहू लागल्या. वैजू तळमजल्याच्या खिडकीत बसून हे सगळं बघायची. कुणाची आई नागपूरहून आली आहे, कुणाला साखरेचा त्रास आहे, कुणाच्या घरी सध्या अबोला आहे, हे तिला माहीत असायचं. मी सेक्रेटरी असून मला पत्ता नसायचा.

मंडळाचा सगळ्यात मोठा दिवस म्हणजे गणपतीतला महाप्रसाद. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात काम करणारा एक आचारी त्या दिवशी सुटी काढून यायचा आणि मसालेभात करायचा. सोसायटीच्या पार्कात शामियाना, खाली सतरंज्या, पुढ्यात पत्रावळी. पंगती तीन बसत. पहिली म्हाताऱ्यांची, मुलांची आणि पाहुण्यांची. दुसरी बाकीच्यांची. तिसरी कार्यकर्त्यांची. या तिसऱ्या पंगतीला खरं तर काहीच धड मिळायचं नाही. मसालेभाताची खरवड, पाणी घालून वाढवलेलं वरण, जिलबी असली तर असली. पण खरी मजा तिथेच. दिवसभर राबून घामाघूम झालेली माणसं एकमेकांच्या पानावर बळेच आग्रह करायची, कुणी कुठे काय सांडलं त्याची नक्कल व्हायची, अध्यक्ष कारखानीससुद्धा बनियनवर बसलेले असायचे. छातीवर गुलाबी रिबिनीचा बिल्ला असल्याशिवाय त्या पंगतीत कुणी बसत नसे. असा नियम नव्हता, पण बसत नसे.

वैजूला आम्ही दर वर्षी पहिल्या पंगतीला बसवायचो. तेही खाली नाही, खास खुर्ची आणि टेबल मांडून. सगळी पंगत जमिनीवर आणि मध्ये ही एकटी उंचावर. वाढणारा प्रत्येक जण आधी तिच्याकडे यायचा. आम्हाला वाटायचं, आम्ही तिची केवढी काळजी घेतो! सतरा वर्षांची असताना तिने मला पहिल्यांदा अडवलं. "मावशी, मला... या वर्षी... बिल्ला..." एवढं ऐकलं आणि मी नेहमीप्रमाणे वाक्य पुरं केलं, "बिल्ला हवाय? घे की, त्यात काय!" माझा काढून तिच्या ओढणीला लावला, आरतीपुरता. फोटो काढला. मग वाढप सुरू होताना तो परत घेतला, कारण मोजकेच बिल्ले होते आणि मला काम होतं. तिच्या तोंडाकडे बघायला मला फुरसत झाली नाही. फोटोत मात्र ती हसते आहे...

पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात सोसायटीचं पाणी गेलं. टँकर यायचा आणि खाली रोज महाभारत व्हायचं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी वैजूने ताईला सांगून आपली खुर्ची गेटपाशी नेऊन ठेवली आणि हातात खडू घेतला. जो येईल त्याच्या बादलीवर फ्लॅटचा नंबर आणि पाळीचा आकडा. कोणत्या घरात आजारी माणूस आहे हे तिला पाठ होतंच, त्यांच्या बादल्या पुढे. समोरच्या ब्लॉकमधल्या धिप्पाड चड्ढाबाईंनी एकदा मध्ये घुसायचा प्रयत्न केला, तर वैजू शांतपणे म्हणाली, "आंटी... आपका... सत्ताईस नंबर है।" चड्ढाबाई मुकाट्याने मागे गेल्या. नंतर त्याच सगळ्यांना दटावायला लागल्या, "लाइन में लगो जी, मैडम लिख रही हैं।" महिनाभर हे चाललं. तिला कुणी नेमलं नव्हतं, कुणी बिल्ला दिला नव्हता. तिथे ती मराठी मंडळाची नव्हती, म्हणूनच बहुधा जमलं.

त्या उन्हाळ्याने तिला धीर आला असावा. एका रविवारी ताईकडे गेले तर हॉलभर वर्तमानपत्रं अंथरलेली आणि त्यावर सहा ताटल्या एका ओळीत मांडलेल्या. वैजू खाली बसली होती, एका बुटक्या पाटावर. पाटाला चार चाकं होती. नवा रंगीत टीव्ही आला तेव्हा त्याच्याबरोबर एक ट्रॉली आली होती, तिची चाकं सुताराकडून तिने पाटाला बसवून घेतली होती. तिचा उजवा पाय उभं राहायला कामाचा नव्हता, पण बसल्या जागी टाचेने मागे रेटायला पुरेसा होता. मांडीत मिठाची स्टीलची वाटी धरलेली. टाच रेटायची, ताटलीपाशी थांबायचं, उजव्या हाताने चिमूटभर मीठ वरच्या बाजूला मधोमध ठेवायचं, पुन्हा टाच. सहा ताटल्या झाल्या. कागदावर एक कण सांडला नव्हता. "पंगत... खालीच बसते ना मावशी?" ती म्हणाली, "मी पण खालीच. उलट... तुमच्यासारखं वाकावं नाही लागत यार." मग म्हणाली, "भात-वरण नाही मागत. फक्त मीठ. मीठ... एका हाताने... वाढता येतं." त्या दिवशी मी तिला मध्ये तोडलं नाही. सगळं ऐकलं. "वा! वैजू, वा!" म्हणाले आणि टाळ्या वाजवल्या. ती माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होती. आता वाटतं, तिला टाळ्या नको होत्या, होकार हवा होता.

तरीही मी तो विषय मंडळाच्या बैठकीत काढला, एवढं पुण्य माझ्या नावावर आहे. कारखानीस वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "सेक्रेटरीबाई, मुलगी गुणी आहे, प्रश्नच नाही. पण गर्दीत कुणाचा पाय पडला, काही झालं, तर जबाबदारी कोणाची?" कोणी म्हणालं, बघणाऱ्यांना कसंतरी वाटेल. कोणी म्हणालं, आपण तिच्याकडून काम करून घेतो असं दिसेल. ताई कोपऱ्यात बसली होती. ती हळूच म्हणाली, "नको गं. लोक बघतात तिच्याकडे, मला नाही सहन होत." आणि मी? मी केंद्राच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर. फाइल नाकारायची नसते, नुसती पुढे ढकलायची असते, हे मला पगार देऊन शिकवलेलं. मी इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'विषय पुढील बैठकीत घ्यावा.' पुढील बैठकीत तो मी घेतला नाही. कारण खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि ती वैजू पडेल याची नव्हती. सगळ्या पाहुण्यांसमोर सेक्रेटरीबाईंची भाची जमिनीवरून सरपटत मीठ वाढते आहे, याची मला लाज वाटत होती. हे मी आज पहिल्यांदा कागदावर लिहिते आहे.

अशा वेळी माणसं जे करतात तेच आम्ही केलं. सत्कार ठेवला! त्या वर्षीच्या गणपतीत, महाप्रसादाच्या आदल्या संध्याकाळी, टँकरच्या महिन्यातल्या कामाबद्दल कु. वैजयंतीचा शाल-श्रीफळ देऊन गौरव. कारखानीसांनी जिद्द, प्रेरणा, दैवाशी झुंज असे सगळे शब्द वापरले. शाल घातली. "दोन शब्द बोल बेटा," म्हणाले. मी माईक तिच्या तोंडासमोर धरला. वैजू बोलायला लागली, "मला... शाल..." आणि थांबली, पुढच्या शब्दासाठी. लोकांना वाटलं, हुंदका आला. पहिल्या रांगेतून टाळ्या सुरू झाल्या आणि सगळा शामियाना टाळ्या वाजवायला लागला. त्या टाळ्यांत तिने आपलं वाक्य पुरं केलं. मी एका हाताच्या अंतरावर होते, मला ते स्वच्छ ऐकू आलं. "शाल... नको. मला... मीठ वाढू द्या." माईक माझ्या हातात होता. टाळ्या थांबेपर्यंत तो तसाच धरून ठेवून मी म्हणू शकले असते, की बाळ, पुन्हा बोल. मी माईक खाली घेतला आणि टाळ्या वाजवल्या. ती माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी पहिल्या पंगतीला तिचं टेबल मांडलं, पण ती येईना. दुसऱ्या पंगतीलाही नाही. शामियान्याच्या खांबाला टेकून सतरंजीवर बसून राहिली, कुबड्या बाजूला. ताई रागावली, मी समजावलं, "अगं, अन्न निवतंय, असा काय हट्ट!" ती हलली नाही. साडेतीन वाजता कार्यकर्ते बसले तेव्हा ती सरकत सरकत आली आणि ओळीच्या टोकाला एका रिकाम्या पत्रावळीपुढे बसली. मग एकदम धांदल उडाली. दोघे ताडकन उठले, कुणी खुर्ची आणायला पळालं, कुणी तिच्यासाठी ठेवलेल्या जिलब्या शोधायला. कारखानीसांनी बनियनवर घाईघाईने शर्ट चढवला. कुणी नक्कल केली नाही, कुणी कुणाच्या पानावर बळेच भात ओतला नाही. सगळे अदबीने तिला वाढत होते. वैजूने दोन घास खाल्ले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, मी आले की... कुठलीही पंगत... पहिलीच होते." तिचं हे वाक्य पुरं करायला कुणी मध्ये आलं नाही.

त्यानंतर तिने मंडळाकडे कधी काही मागितलं नाही. मीही सुटले, असं तेव्हा वाटलं. वर्षं गेली. पार्कात शामियान्याच्या जागी पक्का हॉल झाला, पंगतीच्या जागी बुफे आला, कारखानीस गेले, भावजी आणि ताई एका वर्षाच्या अंतराने गेले. मिलिंदला गुडगावात मोठ्या परदेशी कंपनीत नोकरी होती. तो वैजूला आपल्या टॉवरमध्ये, सतराव्या मजल्यावर घेऊन गेला. तिने सवयीने खिडकीशी खुर्ची लावली, पण सतराव्या मजल्यावरून कुणाची आई आली आणि कुणाला बरं नाही हे दिसत नाही. मिलिंद आणि त्याच्या बायकोने तिचं सगळं मनापासून केलं, त्यात काडीचं खोटं नाही. मी मेट्रोने महिन्या-दोन महिन्यांतून जायची. एकदा तिचाच फोन आला, हसत होती. मिलिंदच्या कंपनीतली पोरं त्यांच्या समाजसेवेच्या दिवशी एकसारखे पिवळे टी-शर्ट घालून टॉवरच्या क्लबहाउसमध्ये आली होती. हिला खाली नेलं, हातात ब्रश दिला, कुंडी रंगवायला लावली, फोटो काढले. चाळिशीच्या बाईला! "मावशी, आज मी... तीन तास... त्यांची समाजसेवा... सांभाळली," ती म्हणाली. मी हसले. मग म्हणाली, "मी विचारलं त्यांना... पुढच्या वेळी मी टी-शर्ट घालू का? म्हणाले... सो स्वीट."

तिची माझी शेवटची भेट जाण्याच्या तीन आठवडे आधीची. छातीत कफ होता, बोलायला दम पुरत नव्हता. मी शेजारी बसून तिची वाक्यं पुरी होण्याची वाट बघत होते. म्हातारपणी शिकले तेवढं. तिने मयूर विहारातल्या एकेकाची चौकशी केली, चड्ढाबाईंच्या गुडघ्यांचीसुद्धा. मला वाटलं होतं, एकदा तरी तो माईकचा विषय काढावा आणि माफी मागावी. तोंडाशी आलं होतं. मग वाटलं, आज दमली आहे, पुढच्या वेळी बोलू.

गेल्या रविवारी मंडळाने शोकसभा घेतली. तिथे जाहीर झालं की यंदाच्या गणपतीपासून वैजयंती स्मृती चषक द्यायचा, वर्षातल्या उत्कृष्ट कार्यकर्त्याला. त्यावरचा मजकूर मी लिहावा अशी विनंती झाली. मी उभी राहिले आणि ग्रुपवर आलेला तो निरोप दुरुस्त करा म्हणाले. ती आपली कार्यकर्ती नव्हती, तिने मागून मागूनही आपण होऊ दिलं नाही. मग विचारलं, "आज आपल्या मंडळात कुबड्यांवरचा, व्हीलचेअरवरचा, नीट ऐकू न येणारा एक तरी कार्यकर्ता आहे का? सोसायटीत अशी चार मुलं मला माहीत आहेत. त्यांना पंचवीस डिसेंबरला आपण केक वाटतो. एकालाही कधी केक वाटायला बोलावलं आहे का?" खुर्च्या थोड्या करकरल्या. आताचा सेक्रेटरी चांगला मुलगा आहे, हुशार आहे. तो नम्रपणे म्हणाला, "काकू, तुमचा पॉइंट बिल्कुल बरोबर आहे. पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ या." मी खाली बसले. वाक्य माझंच होतं.

तेराव्याला गुडगावला गेले होते, तेव्हा मिलिंद मला वैजूच्या खोलीत घेऊन गेला. "मावशी, तुला काय हवं ते घे," म्हणाला. ती शाल कपाटात होती, प्लास्टिकमधून बाहेरही न काढलेली. ती मी तिथेच राहू दिली. पलंगाखाली जुन्या चादरीत काहीतरी गुंडाळून ठेवलं होतं. उघडलं तर पाट, आणि त्याच्यावर मिठाची ती स्टीलची वाटी. मी म्हटलं, "हे अजून आहे?" मिलिंद म्हणाला, "अगं, याचं तर तिचं दर वर्षीचं चाललेलं असायचं. गणपतीच्या आठ दिवस आधी मला बाहेर काढायला लावायची आणि चाकांना तेल घालून घ्यायची. मी विचारायचो, कशासाठी गं? तर म्हणायची, असू दे... ऐन वेळी बोलावलं तर?"

पाट मी माझ्या घरी आणला आहे. काल दुपारी हॉलमध्ये खाली ठेवला आणि पायाने नुसता लोटला. जरासुद्धा आवाज न करता तो सरळ गेला आणि समोरच्या भिंतीशी जाऊन थांबला.